एका अक्षराचा फरक : सिकलसेल समजून घेताना

आदिवासी मुलांच्या वसतिगृहात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, असे एखादे तरी मूल ते सांगतील. वर्षातून चार-सहा वेळा ते अंथरूण धरते. हातपाय दुखतात म्हणून रडते, आणि दोन-तीन दिवसांनी उठून पुन्हा खेळू लागते. डोळे जरा पिवळट, वयाच्या मानाने अंग लहान. रात्री अंथरूण ओले होते. अधीक्षक म्हणतात, कामचुकार आहे. आई म्हणते, बाहेरचे काही लागले आहे. शेजारी म्हणतात, कावीळ आहे, उतरवून घ्या. प्रत्येकाने जे पाहिले त्यावरूनच तो बोलतो. पण त्या मुलाचे खरे दुखणे त्याच्या रक्तातल्या एका प्रथिनात असू शकते, आणि त्या प्रथिनातला बिघाड एका अक्षरापुरता असतो. त्या अक्षराची गोष्ट या अभ्यासपाठात पाहू.

सेवाकार्याच्या पत्रिकेत विज्ञानाचा पाठ कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपण वसतिगृहाला पांघरुणे पाठवतो, औषधांसाठी वर्गणी देतो, आदिवासी वस्त्यांवरील मंडळ्यांत लग्ने लावतो. यांतील प्रत्येक कामाचा या आजाराशी संबंध आहे. तो कसा, हे आजार आतून समजला म्हणजेच कळते.

प्रथिन म्हणजे गुंडाळलेला फेटा

आपल्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचवणे, जखमेवर रक्त गोठवणे, रोगजंतूंना अडवणे, श्वासातला प्राणवायू बोटांच्या टोकापर्यंत पोचवणे, ही सगळी त्यांचीच कामे. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. अमिनो आम्ले वीस प्रकारची असतात, आणि ती कोणत्या क्रमाने ओवायची याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते.

ही साखळी सरळ दोरीसारखी राहत नाही. फेट्याचे कापड घडीत असते तोवर ते नुसते कापड असते. विशिष्ट पद्धतीने पीळ आणि घड्या पडल्या की त्याचा फेटा होतो. प्रथिनाचेही तसेच असते. मात्र त्याला बांधणारा कोणी वेगळा नसतो. साखळीतील काही अमिनो आम्लांना पाणी आवडते, ती बाहेरच्या बाजूला राहतात. काही तेलासारखी पाण्यापासून पळणारी असतात, ती आत दडतात. काहींवर विद्युतभार असतो. विरुद्ध भाराची जवळ येतात, सारख्या भाराची दूर सरतात. या ओढाताणीतून साखळी आपोआप ठरावीक आकारात गुंडाळली जाते. आकार बरोबर असला तर काम बरोबर होते. म्हणून साखळीतला एक मणी बदलला तरी काय होईल, हे तो मणी कुठे बसतो आणि त्याच्या जागी कोण आले यावर अवलंबून असते.

जनुकाची भाषा चार अक्षरांची आहे. त्या अक्षरांना आपण ए, टी, जी आणि सी म्हणू. वाचताना तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरला जातो, आणि एका शब्दाने एक अमिनो आम्ल ठरते. आपल्या भाषेत तीन-तीन अक्षरांचे एक वाक्य घेऊ : ‘मदन गवत पसर’. यातले एक अक्षर बदलून ‘मदन गवत विसर’ केले, तर वाक्य व्याकरणाने ठीक राहते, पण मदनचे काम बदलते. पहिल्याच शब्दातला ‘द’ गळाला आणि तरीही तीन-तीन अक्षरेच वाचत गेलो, तर ‘मनग वतप सर’ असे काहीतरी उरते. तिथून पुढे सगळाच गोंधळ. जनुकात दोन्ही प्रकारचे बदल होतात, आणि त्यांनाच उत्परिवर्तन म्हणतात. असेही अनेक बदल असतात की ज्यांनी काहीच बिघडत नाही, कारण एकाच अमिनो आम्लासाठी एकाहून अधिक शब्द आहेत. ‘जीएजी’ आणि ‘जीएए’ दोन्हींचा अर्थ एकच, ग्लुटामिक आम्ल. शेवटचे अक्षर बदलले तरी मणी तोच राहतो.

उत्परिवर्तन हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. असे लहानसहान बदल आपल्या प्रत्येकात आहेत.

सतरावे अक्षर

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतले प्रथिन. ते चार साखळ्यांचे असते, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले, म्हणजे तिच्या कृतीची ४३८ अक्षरे, आपल्या अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असतात. त्यांतल्या सहाव्या शब्दात, म्हणजे सतराव्या अक्षराच्या जागी, ‘ए’ऐवजी ‘टी’ आले की ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ होते आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन ओवले जाते. सिकलसेलचे मूळ एवढेच आहे. बाकीची सगळी साखळी जशीच्या तशी असते.

हे एवढे का नडते? ग्लुटामिक आम्ल भारित आहे, पाण्यात रमणारे. व्हॅलीन तेलकट, पाण्यापासून लपणारे. आणि हे सहावे स्थान नेमके प्रथिनाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, जिथे चारही बाजूंनी पाणी. व्हॅलीनला आत शिरायला स्वतःच्या घरात जागा नाही. मग ते शेजारच्या हिमोग्लोबिनकडे वळते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवर एक लहानसा तेलकट खळगा उघडा पडतो. व्हॅलीन त्यात चपखल बसते. आघाड्याची बी धोतराला चिकटावी तसे एक हिमोग्लोबिन दुसऱ्याला धरते, दुसरे तिसऱ्याला, आणि बघता बघता पेशीच्या आत लांब ताठ धागे तयार होतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, तेव्हा धाग्यांना कच्च्या मालाची वाण नाही. हे धागे पेशीला आतून ताणतात. गोल, लवचीक पेशी वाकडी होते, विळ्यासारखी. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव.

निरोगी तांबडी पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग मुडपून सहज निघून जाते. ताठ झालेल्या पेशीला ते जमत नाही. ती अडकते, तिच्यामागे आणखी अडकतात, आणि पुढच्या भागाचे रक्त तुटते. हाडाच्या आत असे झाले की जी कळ उठते ती मोडलेल्या हाडाच्या वेदनेहून कमी नसते. तान्ह्या बाळात पहिली खूण बहुधा हातापायांचे पंजे सुजणे ही असते. शिवाय या पेशी लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कायम कमी. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. ते यकृताचे दुखणे नव्हे, त्यामुळे कावीळ उतरवणारा कितीही नावाजलेला असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. उलट तेल-तूप बंद केल्याने आधीच अशक्त मूल आणखी खंगते.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. प्राणवायू मिळाला की हे धागे पुन्हा विरघळतात आणि पेशी सावरते. धागे तयार व्हायलाही थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी फुप्फुसात परत पोचली तर काहीच होत नाही. म्हणजे ही दर फेरीला वेळेची शर्यत असते. अंगातले पाणी कमी झाले की पेशीतले हिमोग्लोबिन घट्ट होते, आणि ते किंचित जरी घट्ट झाले तरी धागे कित्येक पटींनी लवकर बनतात. थंडीने वाहिन्या आकसतात आणि रक्त रेंगाळते. तापाने पाणी आटते, श्रमाने प्राणवायू जास्त खर्च होतो. मुलाला कशापासून जपायचे हे सगळे एवढ्यातच आले.

त्याच सहाव्या जागी व्हॅलीनऐवजी लायसीन हे अमिनो आम्ल आले, तर हिमोग्लोबिन सी नावाचा प्रकार होतो. लायसीन भारित असते, पाण्याला भीत नाही, त्यामुळे असे धागे बनत नाहीत आणि त्रास पुष्कळ सौम्य राहतो. साखळीचा मणी तोच, पण बदली आलेला वेगळा. दुसरीकडे थॅलेसेमियात बीटा साखळी पुरेशी बनतच नाही. एका पालकाकडून सिकलसेलचे जनुक आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे आले, तरी मूल सिकलसेलच्या रुग्णासारखेच आजारी पडू शकते. म्हणून तपासणी करताना दोन्हींचा विचार व्हावा लागतो.

शिकागो ते नागपूर

१९१० साली शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तातील या वाकड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रेणूत मुळापासून बिघाड असलेला म्हणून ओळखला गेलेला हा पहिला आजार. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे हे शोधले. एका मण्याने एवढा अनर्थ होतो हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

भारतात हा आजार १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या रुग्णांविषयी लिहिले. महाराष्ट्रातल्या आदिवासींत तो किती पसरला आहे हे समजण्यासाठी पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षे वाड्यापाड्यांवर रक्त तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचे प्रमाण शंभरांत २० ते ३५पर्यंत आढळले. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट हे पट्टे त्यामुळे ठळक झाले. विदर्भात अनुसूचित जातींतही हा आजार पुष्कळ आहे. तेव्हा त्याला ‘आदिवासींचा रोग’ म्हणून शिक्का मारणे बरोबर नाही.

मग नेमके याच पट्ट्यांत का? १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहिले की ज्यांच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे, त्यांना मलेरियाचा घातक प्रकार मारत नाही. जंगलातल्या हिवतापात ज्या पिढ्या तगल्या, त्यांच्यात हे अक्षर टिकून राहिले. ज्या बदलाने एका भावाचा जीव घेतला त्यानेच दुसऱ्या दोघांना हिवतापातून वाचवले, असे हजारो वर्षे चालले. ही कोणाच्या वाईट आचाराची शिक्षा नव्हे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी जो प्रश्न विचारला होता, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, तो आपल्या वस्त्यांवर अजून विचारला जातो. बहुधा तो सुनेच्या तोंडावर विचारला जातो. तिला एवढे तरी कळले पाहिजे की आजारी मुलाला हे जनुक दोघांकडून आलेले असते. एकट्या आईकडून आलेल्या प्रतीने हा आजार होतच नाही.

पिवळे कार्ड, लाल कार्ड

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही चांगल्या असतील तर प्रश्न नाही. एक बदललेली असेल तर तो माणूस वाहक. त्याच्या रक्तात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते, धागे सहसा बनत नाहीत, तो रोजचे आयुष्य इतरांसारखेच जगतो. दोन्ही बदललेल्या असतील तर तो रुग्ण. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत ठेवली आहे.

दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता रुग्ण बाळाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण निरोगी बाळाची. हे गणित लोक हमखास चुकीचे धरतात. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही चांगली होणार, असे मानून कुटुंब वाढत जाते. नाणे मागच्या वेळी काय पडले हे पुढच्या वेळी लक्षात ठेवत नाही. दर खेपेला चारांत एक, ही शक्यता तेवढीच.

आता दुसरी बाजू. वाहकाचे लग्न निरोगी जोडीदाराशी झाले तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. फार तर वाहक होते. म्हणजे पिवळे कार्ड असलेल्या मुलीचे लग्न मोडण्याचे कारण नाही, फक्त समोरच्याचे कार्ड पाहायचे. दुर्दैवाने मुलीचे कार्ड पिवळे निघाले की बोलणी थांबतात आणि मुलाचे रक्त कोणी तपासतच नाही, असे घडते. याविषयी पाळकांनी आणि मंडळीच्या वडिलांनी स्पष्ट भूमिका घ्यायला हवी.

कधी तपासायचे, हाही प्रश्न आहे. लग्नाची नावे मंडळीत पुकारली जातात तेव्हा फार उशीर झालेला असतो. मागणी झालेली, कपडे घेतलेले, नातेवाइकांना बोलावलेले. त्या वेळी दोन पिवळी कार्डे समोर आली तर कोणी काय करावे? माझ्या मते मुले शाळेत असतानाच, आठवी-नववीत, तपासणी व्हावी आणि कार्डाचा अर्थ त्यांना समजावून सांगावा. निकाल ज्याचा त्याला, बंद पाकिटात. तो व्यासपीठावरून किंवा वसतिगृहाच्या फळ्यावर जाहीर करणे म्हणजे एका मुलाला जन्माची खूण चिकटवणे. गर्भातल्या बाळाची तपासणी आज मोठ्या रुग्णालयांत होऊ शकते, पण त्यापुढचा निर्णय आपल्यापैकी अनेकांच्या विवेकाला जड जाईल. लग्नाआधीच कळले तर त्या वळणावर यावेच लागत नाही.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात होते. नळीतले द्रावण गढूळ झाले तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मात्र वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. शिबिरात नळी गढूळ झाली म्हणून कोणाला ‘तुला सिकलसेल झाला’ असे सांगून घरी पाठवणे चूक आहे. थॅलेसेमियाचा वाहकही पहिल्या चाचणीत सापडत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही चाचणी लागू पडत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. सात कोटी हा आकडा मोठा आहे, पण कार्ड मिळाले आणि त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही तर ते पेटीत पडून राहते. तो अर्थ सांगायला डॉक्टरच हवा असे नाही.

गर्भातले हिमोग्लोबिन

जन्माआधी बाळाकडे वेगळे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळ्या नसतात, त्यामुळे व्हॅलीनचा प्रश्नच येत नाही. उलट ते धागे बनण्यात अडथळा आणते. जन्मानंतर सहा महिन्यांत ते ओसरते, आणि तेव्हापासून त्रास दिसू लागतो. बाळ जन्मले तेव्हा गुटगुटीत होते, बारशानंतर कोणाची तरी नजर लागली, असे घरचे सांगतात. त्यांचे निरीक्षण खरे असते, फक्त कारण वेगळे. बाळाचे पंजे सुजले, पोट फुगले की मग चटके दिले जातात. मेळघाटात तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. अशी बाळे कधी कधी त्या जखमेनेच दगावतात.

भारतातल्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा बरेचदा जास्त टिकते, म्हणून इथला आजार सौम्य असे काही वर्षे मानले जात होते. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेली मुले मात्र पुष्कळ आजारी होती. सौम्य म्हणून सैल राहण्यात अर्थ नाही.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध शरीराला पुन्हा गर्भातले हिमोग्लोबिन बनवायला लावते. कळा कमी येतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. गरोदरपणात ती चालत नाही. दुखले की घ्यायची ही गोळी नव्हे, हे पालकांना पुनःपुन्हा सांगावे लागते; बरे वाटले की गोळी सुटते आणि महिन्याभरात मूल पुन्हा अंथरुणात. तिच्या जोडीला फोलिक आम्ल, लहानपणी पेनिसिलीन आणि न्यूमोनियाविरुद्धची लस. भावाबहिणीचा अस्थिमज्जा जुळला तर प्रत्यारोपणाने आजार मुळातून जाऊ शकतो. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक दुरुस्त करणाऱ्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात सतरावे अक्षर सुधारत नाहीत; रुग्णाच्या पेशींतील गर्भातल्या हिमोग्लोबिनवरचे कुलूप काढतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. आपल्या वाड्यावर ते केव्हा येईल हे सोडून द्या, पण गोळी आणि पाण्याची बाटली आजही येऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात

अहिल्यानगर जिल्ह्यात आदिवासी म्हटले की अकोले तालुका आठवतो, राजूरचे प्रकल्प कार्यालय, भंडारदऱ्याच्या वरचे पाडे. तिथल्या महादेव कोळी समाजात हे जनुक खानदेशातल्या भिल्ल-पावरांइतके नाही. पण प्रवरा आणि गोदावरीच्या काठच्या तालुक्यांत भिल्ल वस्त्या आहेत, आणि आश्रमशाळा-वसतिगृहांत दुसऱ्या जिल्ह्यांतली मुलेही येतात. आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि त्यांत आदिवासी कुटुंबेही असतात.

सिकलसेलच्या रुग्णाला टाळायला सांगितलेले सगळे ऊसतोडीत एकत्र येते. पौषाच्या थंडीत पहाटे अंधारात फडावर जायचे. दिवसभर वाकून तोडणी, डोक्यावर मोळ्या, दुपारच्या उन्हात पाणी लांब. रात्री पाचटाच्या कोपीत झोप. बायका लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून पाणीच कमी पितात. ज्या पेशींना वेळेची शर्यत जिंकायची असते त्यांच्यासाठी याहून वाईट काही नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे एक जण दुखण्याने पडला तर खाडा दोघांच्या हिशेबात लागतो. मग वेदनाशामक गोळी खाऊन पुन्हा फडावर. मुकादमाला हे सांगणारे कोणी असेल तर बहुधा वस्तीवर जाणारी आशाताई, किंवा आपल्यासारखे प्रार्थनेला आणि कपडे वाटायला जाणारे लोक.

वसतिगृहात काय करावे हे आता वाचकांच्याच लक्षात आले असेल. थंडीत पहाटेच्या थंड पाण्याच्या आंघोळीची सक्ती या मुलांना नको. वर्गात पाण्याची बाटली जवळ हवी आणि लघवीला जायची परवानगी मागावी लागू नये. त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती जास्त होते आणि अंथरूण ओले होते. त्यासाठी मुलाला इतरांसमोर उभे करणाऱ्या अधीक्षकांना हे एकदा समजले की बहुतेक जण खजील होतात. खेळू द्यावे, पण दमले की बसू द्यावे. ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना; या मुलांची पांथरी लहानपणीच निकामी होते आणि जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. छातीत दुखून दम लागणे, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, पोट एकाएकी फुगून मूल पांढरे पडणे, या तिन्हींत रुग्णवाहिकेसाठी १०८. दुखते म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवावा. कळ दिसत नाही, सूज दर वेळी येत नाही, आणि खोटे बोलण्याइतकी ताकदही त्या वेळी मुलात नसते.

पांघरुणे पाठवणाऱ्यांनी या हिवाळ्यात वसतिगृहाला विचारावे की लाल कार्डाची मुले किती, आणि त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे, गरम पाण्याची पिशवी, झाकणाची बाटली वेगळी द्यावी. रक्तदान शिबिर घेणाऱ्या मंडळ्यांनी रक्तपेढीशी बोलून ठेवावे. या मुलांना वारंवार रक्त लागते आणि ते नेमके सुट्टीच्या दिवसांत कमी पडते.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. ही कागदपत्रे पालकांना एकट्याने जमत नाहीत. जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत जाणारा एक माणूस लागतो. टोळ्या चैत्रात गावी परततात तेव्हा हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या पुढचे महिने पुरतील एवढ्या बरोबर द्यायला डॉक्टरांना सांगावे, कार्डाची एक झेरॉक्स मुलाच्या दप्तरात ठेवावी आणि गावाकडच्या आरोग्य केंद्राचे नाव तिच्या मागे लिहून द्यावे.